केल्पचं जंगल वेगळं, मालवणचं सरगॅसम वेगळं

मालवण-देवगडच्या खडपांवर डोलणाऱ्या तपकिरी शेवाळाच्या फोटोंखाली ‘केल्प’ असं लिहिलेलं दिसतं. केल्प म्हणजे गार समुद्रात जंगलासारखं वाढणारं मोठं शेवाळ. मालवणचं असतं सरगॅसम, दुसरंच शेवाळ. दोन्ही तपकिरी, दोन्ही खडकाला घट्ट धरून उभी. जायंट केल्पला हवेचे फुगे असतात, सरगॅसमलाही असतात. गफलत होणारच.

केल्पला गार पाणी लागतं, साधारण 20 अंशांखालचं. कॅलिफोर्नियातलं जायंट केल्प 30 मीटरपर्यंत चढतं आणि काही वर्षं टिकतं. अरबी समुद्राच्या पलीकडच्या काठावर, ओमानच्या धोफारमध्येही केल्पची एक जात आहे, कारण नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे तिथे खोलातलं गार पाणी वर येतं. कोकणात केल्पला मानवेल इतकं गार पाणी नाही. इथलं सरगॅसम पाऊस सरला की फुटतं, थंडीत फोफावतं आणि उन्हाळ्याकडे तुटून किनाऱ्याला लागतं.

माशांच्या दृष्टीने खरा फरक इथेच पडतो. केल्पमध्ये शेवाळ हीच इमारत: तळाशी, मधे आणि पृष्ठभागाजवळ वेगवेगळे मासे राहतात. कोकणात इमारत खडपाची. सरगॅसम वाहून गेलं तरी गोबरा मासा आपल्या कपारीत असतोच. शेवाळाच्या दाटीत हंगामापुरते बारीक कवचधारी जीव आणि माशांची पिल्लं आसरा घेतात.

शिकाऱ्यांबद्दल तर फारच घाईने बोललं जातं. समुद्री पाणमांजर केल्प कुरतडणारे समुद्री साळू (काटेरी, गोल ‘सी अर्चिन’) खातं, म्हणून केल्प वाचतं, ही साखळी उत्तर पॅसिफिकची आहे. दक्षिण कॅलिफोर्नियात तेच काम शीपहेड मासा आणि शेवंड करतात. ही साखळी जशीच्या तशी मालवणला लावू नये. इथे गोबरा आणि तांबोशी हे मासे कुर्ल्या, कोळंबी, म्हाकूल आणि छोटे मासे खातात.

मोठा मासा शेवाळात दिसला, म्हणजे त्याचं पोट शेवाळावरच भरतं असंही नाही. केल्पमधल्या कित्येक छोट्या माशांचं अन्न उघड्या समुद्रातून वाहत येणारं प्लवंग (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) असतं, आणि त्या माशांवाटे ते मोठ्या शिकाऱ्यांपर्यंत पोचतं. पोट फाडून पाहिलं तर शेवटचं जेवण कळतं. स्नायूंमधल्या कार्बन-नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून) आधीच्या काही महिन्यांचा आहार ताडता येतो. खडपावरचा शिकारी नक्की कशावर जगतो हे ठरवायला दोन्ही तपासण्या लागतात, आणि कोकणात त्या सरगॅसमच्या हंगामात एकदा नि तो सरल्यावर पुन्हा करायला हव्यात.