मुळांची प्रेरणा आणि मुळांची वाढ: अंधार नेमका कोणत्या टप्प्याला?

उतीसंवर्धनाने, म्हणजे वनस्पतीचे तुकडे बरणीतल्या पोषक माध्यमात वाढवून, केळीची रोपे करणाऱ्यांना मुळांचा टप्पा अवघड वाटत नाही. सुटे केलेले फुटवे उजेडातच सहज मुळे धरतात. त्याच सवयीने सफरचंदाच्या एम ९ सारख्या खुंटाकडे (ज्यावर कलम बांधतात त्या रोपाकडे) पाहिले की घोळ होतो, आणि ‘मुळांना अंधार लागतो’ व ‘मुळांना उजेड लागतो’ ही दोन्ही विधाने सारख्याच ठामपणे केली जातात. दोन्ही अपुरी आहेत, कारण मूळ प्रेरित होणे आणि प्रेरित झालेले मूळ वाढणे या वेगळ्या घटना असून त्यांच्या गरजा जवळजवळ उलट आहेत.

प्रेरणेच्या काळात डोळ्यांना एकही मूळ दिसत नाही. कापलेल्या टोकाजवळच्या काही पेशी ऑक्सिन या वाढीच्या संप्रेरकाच्या प्रभावाने पुन्हा विभागू लागतात आणि मूळ घडवण्याच्या मार्गाला लागतात. हे काम साधारणपणे पहिल्या आठवड्यातच होते, आणि सफरचंदाच्या अनेक खुंटांत तेवढ्या दिवसांचा अंधार लाभदायक ठरतो. आयएए हे ऑक्सिन उजेडात लवकर नष्ट होते, हे त्याचे एक कारण आहे. परंतु सारे श्रेय त्यालाच देणे चूक आहे, कारण आयबीए हे त्याहून टिकाऊ ऑक्सिन वापरले तरी अंधाराचा फायदा दिसतो, म्हणजेच उजेडाचा परिणाम खुद्द ऊतींवरही होत असतो. अंधारात फुटवा उपाशी राहील ही भीतीही निराधार आहे. माध्यमातील साखर त्याला पुरते.

मुळांचे अंकुर घडले की तेच ऑक्सिन त्यांची लांबी रोखते आणि तळाशी कॅलस (पेशींचा आकारहीन गोळा) वाढवते, तर लांबलेला अंधार पाने पिवळी पाडतो व खोड लांबट, दुबळे करतो. म्हणून बरणी उजेडात आणणे आणि फुटवे ऑक्सिनविरहित माध्यमात हलवणे ही कामे एकाच वेळी करावीत. मजुरी वाचवण्यासाठी दोन्ही टप्पे एकाच माध्यमात उरकण्याची पद्धत मला मान्य नाही: कॅलसमधून निघालेल्या मुळांचा खोडाच्या वाहिन्यांशी जोड बहुधा कच्चा राहतो, आणि बरणीत भरघोस दिसलेले रोप कुंडीत गेल्यावर मान टाकते. ‘अंधारात ठेवावे’ एवढेच लिहून दिवसांची संख्या गाळणारी सूचनापत्रकेही या नुकसानीला जबाबदार आहेत.

केवळ बरणीचा तळ झाकणे हा निराळा उपाय आहे, कारण त्यात पानांना उजेड मिळतच राहतो. मात्र तळ काळा करण्यासाठी प्रेरणेच्या माध्यमात सक्रिय कोळसा घालू नये. तो ऑक्सिनच शोषून घेतो. त्याची जागा नंतरच्या, ऑक्सिनविरहित माध्यमात आहे.