बॉम जिझस चर्चला गिलावा कधी नव्हताच?

करमळीच्या तळ्यावर पक्षी बघायला आलेले पाहुणे पुढे हमखास जुन्या गोव्याला जातात. बॉम जिझसच्या तांबूस भिंतींसमोर त्यांना सांगितलं जातं, 'हे चर्च मुळातच बिनगिलाव्याचं, चारशे वर्षं असंच उभं आहे.' लहानपणी मीही हेच ऐकलं. ते खरं नाही.

१५९४ मध्ये काम सुरू झालेल्या आणि १६०५ मध्ये अभिषेक झालेल्या या चर्चला चुन्याचा गिलावा होता. तो काढला गेला १९५० च्या दशकात, पोर्तुगीज राजवटीतच. बाल्ताझार कास्त्रो या पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाच्या देखरेखीखाली हे काम झालं. इमारत अधिक प्राचीन दिसावी, हा त्यामागचा विचार.

आपल्याकडे घर बांधलेल्या कोणालाही विचारा. या भिंतींचा चिरा, म्हणजे जांभा दगड, खाणीतून काढताना मऊ असतो, वाऱ्यावर कडक होतो. पण तो सच्छिद्र, पाणी पितो. म्हणून तर जुनी घरं चुन्याने लिंपत आणि दर पावसाळ्यानंतर रंगवत. दर्शनी भागातलं नक्षीकाम वसईहून आणलेल्या काळ्या दगडाचं आहे, ते टिकतं. चिऱ्याच्या भिंती मात्र दर पावसाळ्यात झिजताहेत, आणि ते पाहताना जीव तुटतो.

उघड्या चिऱ्याचं रूप देखणं आहे, हे मान्य. पिढ्यान्‌पिढ्यांना तेवढंच ठाऊक असल्याने पुन्हा गिलावा करायचा म्हटलं की विरोध होतो. माझ्या मते गिलावा परत करायलाच हवा. त्याने वारसा झाकला जाणार नाही. बांधणाऱ्यांनी भिंतींना दिलेलं पांघरूणच त्यांना परत मिळेल.