इंजिनचा पिवळा दिवा : स्कॅनर नसताना कोड कसा वाचायचा

चावी फिरवली की मीटरवरचा इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा थोडा वेळ लागून विझतो. तो लागलाच पाहिजे. लागत नसेल तर आधी तो दुरुस्त करून घ्या, नाहीतर पुढचा बिघाड तुम्हाला कळणारच नाही. गाडी चालू असताना दिवा लागून राहिला, तर ईसीएमने, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरने, काहीतरी दोष कोडच्या, म्हणजे ठरलेल्या आकड्याच्या, रूपात नोंदवला आहे.

होंडाच्या बऱ्याच इंजेक्शनवाल्या दुचाकींमध्ये ही नोंद दिव्यावरूनच वाचता येते. चावी बंद ठेवून आम्ही गॅरेजमध्ये तपासणीच्या सॉकेटला शॉर्ट कनेक्टर (सॉकेटच्या ठराविक पिना जोडणारा प्लग) लावतो आणि फक्त चावी चालू करतो. दिवा सलग पेटून राहिला तर मेमरी कोरी, म्हणजे दोषाची नोंद नाही. ब्लिंक करू लागला तर मोजायचं : लांब ब्लिंक म्हणजे 10, छोटा म्हणजे 1. दोन लांब आणि एक छोटा, म्हणजे 21, ऑक्सिजन सेन्सर. सात छोटे असतील तर इंजिनच्या तापमानाचा सेन्सर, आठ म्हणजे थ्रॉटलचा. एक लांब, दोन छोटे म्हणजे 12, इंजेक्टर. कोड एकाहून जास्त असले तर लहान आकड्यापासून क्रमाने येतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात, त्यामुळे घाई न करता दोनदा मोजा.

घरी स्टेपलरची पिन किंवा वायरचा तुकडा त्या सॉकेटमध्ये घालू नका. चुकीची पिन जोडली गेली तर ईसीएम जाऊ शकतो, आणि तो खर्च सेन्सरच्या कितीतरी पट आहे.

सगळ्यात महत्त्वाचं : कोड सर्किट सांगतो, पार्ट नाही. आमच्याकडे एक स्कूटर आली, कोड 7. मालकांनी दुसरीकडे सेन्सर नवा घातला होता, तरी दिवा तसाच. कव्हर उघडलं तर सेन्सरकडे जाणारी वायर उंदराने कुरतडलेली, तांबं हिरवं पडलेलं. तेवढा तुकडा बदलला, सोल्डर केला, दिवा गेला. म्हणून आम्ही कोड मिळाल्यावर आधी कपलर (वायरी जोडणारा प्लग) आणि वायर मल्टिमीटरने तपासतो, मगच नव्या पार्टचं बोलतो.

गाडी आडवी पडल्यावर सुरू होत नसेल तर लगेच घाबरू नका. काही मॉडेलमध्ये गाडी कलंडली की सेन्सर इंजिन बंद करतो. गाडी सरळ उभी करा, पेट्रोल गळत नाही ना बघा, चावी एकदा बंद करून पुन्हा चालू करा.

दिवा लागला की मीटरचा मोबाईलवर व्हिडिओ काढा. आदल्या दिवशी गाडी धुतली होती का, पाण्यातून नेली होती का, तेही येताना सांगा.