तंतूंचे अनुस्फुरी रंजन

कापूस, ताग, लोकर किंवा कृत्रिम तंतू अनुस्फुरी (फ्लुओरेसेंट) रंगद्रव्याने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची पद्धती. रंगद्रव्य जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) किंवा निळा प्रकाश शोषते व अधिक तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकते. मूळ प्रकाश गाळणीने अडविला की काळ्या पार्श्वभूमीवर तंतूचा रंगलेला भाग तेवढा उजळलेला दिसतो.

पद्धतीच्या उगमाविषयी एकमत नाही. स्टोक्स यांनी १८५२ मध्ये या आविष्काराला अनुस्फुरण (फ्लुओरेसेन्स) हे नाव दिले. जंबुपार सूक्ष्मदर्शकावर काम करताना कोहलर यांना १९०४ च्या सुमारास ते आढळले, तर हाइमश्टेट (१९११) व लेमान (१९१३) यांनी प्रत्यक्ष उपकरणे घडविली. प्रोवाझेक यांनी १९१४ मध्ये पेशींवर असे रंग वापरले. तथापि मुळात न उजळणारे नमुने रंगवून पाहण्याची शिस्तबद्ध पद्धत मुख्यतः १९३० च्या दशकात हाइटिंगर यांच्या हातून घडली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. वस्त्ररसायनाचा प्रवाह वेगळा आहे. क्राइस यांनी १९२९ मध्ये हॉर्स चेस्टनट या झाडापासून मिळणाऱ्या एस्क्युलिन या अनुस्फुरी द्रव्याने रेयॉन व जवसाचे तंतू शुभ्र दिसतात असे दाखविले. पुढे स्टिल्बीन या कार्बनी संयुगावर आधारलेले शुभ्रक (कापड अधिक पांढरे दाखविणारी अनुस्फुरी द्रव्ये) आले. त्यांपैकीच कॅल्कोफ्लोर व्हाइट हा वस्त्रोद्योगातून प्रयोगशाळेत आला.

कॅल्कोफ्लोर व्हाइटचे लांबट, सपाट रेणू कापसाच्या तंतूतील मुख्य घटक असलेल्या सेल्युलोजच्या साखळ्यांना चिकटतात व सुमारे ४३०–४४० नॅनोमीटरचा निळा प्रकाश देतात. कच्च्या रुईवरील मेण व पेक्टिन आधी सौम्य क्षारात (अल्कलीत) उकळून काढल्यास रंग एकसारखा बसतो. आडव्या छेदात भित्ती उजळ व मधली पोकळी काळी दिसते. अपक्व तंतूची भित्ती पातळ असते. बोंड भरताना पाण्याचा ताण पडला की दुय्यम भित्ती (तंतूच्या भित्तीचा आतील जाड सेल्युलोज थर) नीट भरत नाही. म्हणून विदर्भातील कोरडवाहू कापसासाठी हे निरीक्षण मोलाचे आहे. अपक्व तंतूंमुळे सुतात गाठी पडतात आणि रंगाईत फिके ठिपके राहतात.

बाजारातील कापडात बहुधा शुभ्रक आधीच असतो, त्यामुळे न रंगविलेला नमुना शेजारी ठेवणे अत्यावश्यक आहे. बुरशीतील कायटिनही याच रंगाने उजळते. ओलसर गाठोड्यातील रुईत हा घोटाळा होऊ शकतो. लोकर स्वतःच मंद निळी चमकते. पॉलिएस्टरवर कॅल्कोफ्लोर टिकत नाही. तेथे नाइल रेड हे दुसरे अनुस्फुरी रंगद्रव्य वापरतात.