रूट्स रेगेच्या लाइव्ह शोंचा नॉस्टॅल्जिया
रूट्स रेगे म्हणजे रेगेमधली, म्हणजे जमैकाच्या लोकप्रिय संगीतातली, रास्ताफारी (आफ्रिकेला मायभूमी मानणारा जमैकातला धर्मपंथ) वळणाची शाखा, गरिबी, गुलामगिरी, आफ्रिका हे तिचे विषय. तिचे लाइव्ह शो ऐन भरात होते ते साधारण १९७५ ते १९८०, जेमतेम पाच-सहा वर्षं, पण हुरहुर अजून संपत नाही.

गंमत म्हणजे खुद्द जमैकात लोक रेगे ऐकायचे ते जास्त करून साऊंड सिस्टिमवर, म्हणजे स्पीकरची भिंत रचून रेकॉर्ड लावायच्या आणि नाचायचं, त्यामुळे ज्या कॉन्सर्ट आठवून लोक हळवे होतात त्यातल्या बऱ्याच लंडनच्या आहेत. जुलै १९७५ ला लायसियम थिएटरमधे बॉब मार्ली अँड द वेलर्सचे शो रेकॉर्ड झाले, 'नो वुमन, नो क्राय' त्याआधी स्टुडिओत झालेलंच होतं पण गाजलं ते इथलं, ऑर्गन सुरू होतो आणि पब्लिकच आधी गायला लागतं. १९७७ ला तिथल्याच रेनबो थिएटरमधे जमैकाचा गायक बर्निंग स्पिअर, साथीला लंडनचाच अस्वाद बँड.

खरी ओढ मात्र बास आणि ड्रमची. 'वन ड्रॉप' ठेक्यात पहिली मात्रा रिकामी सोडतात आणि ठोका पडतो तिसऱ्यावर, आपल्याकडे समेवर मान डोलवणाऱ्या माणसाला पहिल्यांदा पायरी चुकल्यासारखंच होतं. वेलर्सचा कार्लटन बॅरेट ड्रमवर आणि भाऊ अ‍ॅस्टन बासवर, ही जोडी यात बाप!

पण सगळं गोड नव्हतं. २२ एप्रिल १९७८ च्या किंग्स्टनच्या 'वन लव्ह पीस कॉन्सर्ट'मधे मार्लीने पंतप्रधान मायकल मॅनली आणि विरोधी पक्षनेते एडवर्ड सिआगा या कट्टर विरोधकांचे हात स्टेजवर एकत्र धरले, तो फोटो सगळ्यांना माहितीय. त्याच स्टेजवर वेलर्समधला मार्लीचा जुना साथीदार पीटर टॉशने गांजा ओढत पुढाऱ्यांना तोंडावर झापलं, काही महिन्यांनी पोलिसांनी त्याला बेदम मारलं, हे कोणी फारसं आठवत नाही. शांतताही टिकली नाहीच, १९८० च्या निवडणुकीत शेकडो माणसं मेली.

मे १९८१ मधे मार्ली गेला. १९८५ ला कॅसिओ कीबोर्डवर वाजवलेला 'स्लेंग टेंग' हा ठेका आला आणि बासवाला, ड्रमवाला नसला तरी गाणं होतं हे निर्मात्यांना कळलं. १९८७ ला कार्लटन आणि टॉश दोघांचे खून झाले.

२०१६ पासून गोव्यात 'गोवा सनस्प्लॅश' हा रेगे महोत्सव भरायला लागला, नाव १९७८ च्या जमैकातल्या 'रेगे सनस्प्लॅश'ची आठवण करून देणारं. आणि तिथेही बँडइतकाच भाव साऊंड सिस्टिमला!