अल्बेनियन घर, पारलिंगी मूल आणि समेटाची जुनी रीत

घरातून बाहेर पडलेल्या पारलिंगी (ट्रान्स, म्हणजे जन्मावेळी नोंदलेल्या लिंगाहून वेगळी ओळख असलेल्या) मुलीशी किंवा मुलाशी एखादं अल्बेनियन कुटुंब काही वर्षांनी पुन्हा बोलू लागतं, तेव्हा बाहेरच्याला वाटतं, घरगुती रुसवा होता, निवळला. तिथे मात्र घराने एखाद्याला टाकणं याला फार मोठा अर्थ आहे. कित्येक पिढ्या त्या मुलखात घर हेच कोर्ट होतं, घर हेच पोलीस ठाणं, आणि म्हातारपणाची सोयही घरच. घर सुटलं की पाठीशी उभं राहणारं कुणीच उरत नसे. दुरावा इतका कडक का आणि समेट इतका अवघड का, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

उत्तर अल्बेनियाच्या डोंगरांत उस्मानी सत्तेचा हुकूम नावापुरता चाले. खरा अंमल होता तो पंधराव्या शतकातल्या लेके दुकाजिनी या सरदाराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कानूनचा, म्हणजे तोंडी चालत आलेल्या रूढिनियमांचा. श्तिएफेन ज्येचोवी या फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी ते गोळा करून लिहून काढले. १९२९ मध्ये त्यांचा खून झाला आणि संहिता १९३३ मध्ये छापून आली. तिच्यात माणसाच्या सुखदुःखाहून घराच्या अब्रूला जास्त मोल आहे. आपल्या आसऱ्याला आलेल्या पाहुण्याची विटंबना झाली आणि यजमानाने तिचा बदला घेतला नाही, तर त्याला बैठकीत प्रत्येक गोष्ट डाव्या हाताने आणि गुडघ्याखालून द्यायची, असा दंडक होता. तोंडाने कुणी अवाक्षर काढायची गरज नसे. पेला कुठून पुढे आला, एवढ्यावरून सगळ्या बैठकीला कळायचं की या माणसाची पत गेली. ‘लोक काय म्हणतील’ ही भीती तिथे अशी हातात ठेवली जायची.

याच समाजात ‘बुर्नेशा’ होत्या. आजन्म लग्न न करण्याची शपथ घेऊन पुरुषासारखं जगणाऱ्या या बायका पुरुषी कपडे घालत, बंदूक बाळगत, तंबाखू ओढत, पुरुषांच्या बैठकीत मानाने बसत. इंग्रज प्रवासी एडिथ डरहॅम यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्याबद्दल लिहून ठेवलं आहे. हल्ली त्यांचा दाखला देऊन ‘अल्बेनियात हे पूर्वीपासून मान्यच होतं’ असं सांगितलं जातं. मला ते पटत नाही. बुर्नेशा होण्याची वाट घराच्या सोयीची होती. वंशाला मुलगा नाही, किंवा ठरलेलं लग्न मुलीला नको आहे आणि ते मोडलं तर दोन घरांत वैर पेटेल, अशा वेळी ती शपथ कामी येई. बाईने पुरुषाची जागा घेतली तर घराची पत टिकत होती. मुलगा म्हणून वाढलेल्या कुणी ‘मी बाई आहे’ म्हटलं, तर त्याला कानूनमध्ये जागाच नव्हती, कारण त्या हिशेबात हे पत घालवणं होतं. आजही ट्रान्स स्त्रीवर घरचा राग जास्त निघतो, त्याची मुळं मला इथे दिसतात.

दुसरं महायुद्ध संपताना एन्वर होजा यांची कम्युनिस्ट राजवट आली. कानून हे मागासलेपण ठरलं, १९६७ मध्ये धर्मपालनावरही बंदी आली, पण घराचं दडपण सैल झालं नाही. उलट राज्याने त्याचा वापर केला. एकाच्या गुन्ह्याची शिक्षा सगळ्या घराला होई. ‘बायोग्राफी’, म्हणजे घराची सरकारदरबारची राजकीय नोंद, बिघडली की भावंडांचं विद्यापीठ बंद, बापाची नोकरी धोक्यात, कधी अख्खं कुटुंब दूरच्या गावी हद्दपार. अशा लोकांशी असलेली लग्नं मोडली गेली, रक्ताची नाती नाकारली गेली. उरलेल्यांना वाचवायचं तर एकाला तोडायचं, हे बरीच वर्षं लोकांच्या अंगवळणी पाडलं गेलं. १९७७ च्या दंडसंहितेत समलैंगिक संबंधांना दहा वर्षांपर्यंत कैद होती. पारलिंगी असण्याला तर नावही नव्हतं, त्यामुळे तेही त्याच गुन्ह्याच्या सावलीत गेलं. आज साठी-सत्तरीत असलेले आईबाप या काळात वाढलेत. त्यांनी मुलाला दार बंद केलं ते चूकच, पण त्या चुकीत शिकवलेली भीती किती आहे, हेही पाहायला हवं.

राजवट कोसळली आणि लोक मिळेल त्या वाटेने बाहेर पडले. ऑगस्ट १९९१ मध्ये ‘व्लोरा’ जहाजातून सुमारे वीस हजार माणसं इटलीच्या बारी बंदरात उतरली. समलैंगिकतेचं कलम १९९५ मध्ये गेलं, पण घरातली बोलणी तशीच राहिली. २०१० च्या सुरुवातीला टीव्हीवरच्या ‘बिग ब्रदर’मध्ये क्लोडियान चेला या तरुणाने आपण समलैंगिक असल्याचं सांगितलं, तर त्याच्या लेझा या गावात लोक रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी फेब्रुवारीत भेदभावविरोधी कायदा झाला आणि त्यात लैंगिक ओळखीचा स्पष्ट उल्लेख आला. युरोपात व्हिसाविना जाता यावं, या अपेक्षेचा त्यामागे मोठा हात होता. २०१२ मध्ये राजधानी तिरानात समलैंगिक आणि पारलिंगी लोकांच्या मोर्चाची चर्चा सुरू झाली, तेव्हा एका उपसंरक्षणमंत्र्याने ‘यांना दंडुक्याने झोडायला हवं’ असं जाहीरपणे म्हटलं. तरीही त्या १७ मे रोजी काही जण सायकली घेऊन रस्त्यावर आलेच. डिसेंबर २०१४ मध्ये तिरानात ‘स्त्रेहा’ हे निवारा केंद्र सुरू झालं, ते घराने बाहेर काढलेल्या तरुण मुलामुलींसाठी. अशा केंद्राची गरज पडावी, यातच सगळं आलं.

पण ज्या परंपरेने तोडायला शिकवलं, तिच्यातच जोडायची रीतही आहे. वैर मिटवायला मध्यस्थ घरी जाऊन बसत, नकार ऐकत, पुन्हा जात. १९९० मध्ये शेजारच्या, बहुसंख्य अल्बेनियन वस्तीच्या कोसोव्होत लोकसाहित्याचे अभ्यासक अँतोन चेत्ता आणि विद्यार्थी घराघरांत गेले आणि खुनाच्या वैरात मारल्या गेलेल्यांच्या नातलगांना ‘रक्त माफ करा’ म्हणून विनवू लागले. त्या वर्षी १ मे रोजी वेर्रात ए ल्लूक्स इथे प्रचंड जमावासमोर एकेका घराने पुढे येऊन वैर सोडल्याचं सांगितलं. मारेकऱ्याच्या घराशी हात मिळवणं हा जिथे कमीपणा मानला जायचा, तिथे काही काळ तोच मोठेपणा ठरला. खुनाचं वैर सोडू शकणाऱ्या समाजाने, ज्याने कुणाचं काही बिघडवलेलं नाही अशा आपल्या मुलाला जवळ करू नये, हे मला अन्यायाचं वाटतं. इथे माफी मागायची असेल तर ती घराने मागायची आहे. जुन्या रीतीतलं एक मात्र जसंच्या तसं उपयोगी आहे: मध्यस्थ हवा, आणि नकारानंतर पुन्हा जाणारा हवा. आईबापांना शेजाऱ्यांसमोर मान खाली न घालता दार उघडता यावं, एवढी वाट तो करून देऊ शकतो.

समेट झाला तरी कागदांची अडचण राहते. कोसोव्होत ब्लेर्त मोरिना या पारलिंगी पुरुषाने कोर्टात लढून नाव आणि लिंगनोंद बदलून घेतली. अल्बेनियात भेदभावाला बंदी आहे, पण लिंगनोंद बदलण्याची कायदेशीर वाट कायद्याने आखून दिलेली नाही. त्यामुळे घरात मुलीला मुलगी म्हणून हाक मारली जाऊ लागली, तरी कुटुंबाच्या दाखल्यावर तिच्या नावापुढे ‘पुरुष’ हीच नोंद असते, आणि दाखला लागणाऱ्या प्रत्येक खिडकीवर तिला ती नव्याने समजावून सांगावी लागते.