दुर्बीण घेताय? आधी जांभळी कड बघा

ऑनलाइन दुकानांत ७० मिलिमीटर भिंगाची दुर्बीण ‘५२५ पट मोठं दाखवते’ म्हणून विकतात. खोक्यावर शनीचा फोटो असतो, तो बहुधा एखाद्या अवकाशयानाने काढलेला. ढोबळ हिशेब असा, की वस्तुभिंगाच्या व्यासाच्या दर मिलिमीटरला दोन पट. म्हणजे ७० ला १४० पट, तेही हवा शांत असली तर. त्यापुढे नेत्रिका, म्हणजे डोळ्याकडचं भिंग, बदलून प्रतिमा फुगवता येते, पण तपशील वाढत नाही. गच्चीवर छोटी वेधशाळा बांधायचं मनात असेल आणि भिंगाचीच दुर्बीण हवी असेल, तर विचारायचं ते एवढंच: काच कोणती आणि एफ (नाभीय अंतर भागिले भिंगाचा व्यास) किती?

भिंगाच्या दुर्बिणीचा जुना शत्रू म्हणजे रंग. लोलकातून जाताना निळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त वळतो, हे शाळेत झालंय. भिंगातही तेच घडतं. साध्या क्राऊन काचेचं, १००० मिलिमीटर नाभीय अंतराचं एकच भिंग घेतलं, तर निळा प्रकाश तांबड्याच्या सुमारे १५ मिलिमीटर अलीकडे एकवटतो. सतराव्या शतकात यावर एकच तोड होती. भिंग जेमतेम वक्र ठेवायचं आणि दुर्बीण लांबवत न्यायची. डान्झिगच्या हेवेलियस या खगोलशास्त्रज्ञाने ती १५० फुटांपर्यंत नेली. भिंगांचा हा दोष जाणारच नाही असं ठरवून न्यूटन आरशाकडे वळला.

न्यूटनचा तो निष्कर्ष चुकीचा निघाला. १७३० च्या सुमारास चेस्टर मूर हॉल या इंग्रज वकिलाने दोन काचांच्या जोडीतून रंग आवरला. गुपित फुटू नये म्हणून त्याने दोन भिंगं दोन वेगळ्या कारागिरांना दिली आणि दोघांनीही ती जॉर्ज बास या एकाच माणसाकडून घासून घेतली, अशी गोष्ट सांगतात. पेटंट मात्र १७५८ मध्ये लंडनच्या जॉन डॉलंड या भिंगकाराने घेतलं.

काच प्रकाश किती वळवते आणि रंग किती फाकवते, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि सगळी गंमत इथेच आहे. काचेचा ‘अ‍ॅबे अंक’ मोठा, तर रंग कमी फाकतात. क्राऊनचा अंक सुमारे ६४, फ्लिंट या दुसऱ्या, जड काचेचा ३६. आता क्राऊनचं बहिर्वक्र भिंग हव्या त्या शक्तीच्या (प्रकाश वळवण्याच्या ताकदीच्या) २.३ पट करा आणि त्याला फ्लिंटचं १.३ पट शक्तीचं अंतर्वक्र भिंग जोडा. शक्ती उरली १. रंगांचं फाकणं म्हणजे शक्ती भागिले अ‍ॅबे अंक: एकीकडे २.३ भागिले ६४, दुसरीकडे १.३ भागिले ३६. दोन्ही ०.०३६, आणि चिन्हं उलट, एक अधिक, एक उणे. रंग गेला, शक्ती राहिली! हाच अ‍ॅक्रोमॅट.

पण पूर्ण गेला नाही. तांबडा आणि निळा एका जागी आले तरी फ्लिंट काच वर्णपटाची जांभळी बाजू क्राऊनच्या मानाने जास्त ताणते. त्यामुळे हिरवा थोडा अलीकडे आणि जांभळा बराच पलीकडे जातो. हिरव्याचा उरलेला फरक नाभीय अंतराच्या साधारण दोन हजाराव्या भागाइतका असतो. १०० मिलिमीटर एफ/१० दुर्बिणीत तो अर्धा मिलिमीटर. प्रकाशलहरी पाव तरंगलांबीपेक्षा जास्त चुकू नयेत, या नेहमीच्या निकषाने तिथे खपणारी चूक असते दोन्ही बाजूंना ०.११ मिलिमीटर, म्हणजे फरक साडेचार पट. तेच भिंग एफ/५ केलं तर फरक निम्मा होतो, पण खपणारी चूक एफच्या वर्गाने घटून पाव होते, ०.०२७! आता फरक नऊ पट. आखूड, स्वस्त अ‍ॅक्रोमॅटमधून चंद्राला जांभळी कड दिसते ती यामुळे, आणि जुन्या ६० मिलिमीटरच्या लांबुडक्या दुर्बिणी इतक्या स्वच्छ दिसतात त्याही यामुळेच.

फ्लोराइट या खनिजाचा अ‍ॅबे अंक तब्बल ९५, आणि रंग ताणण्याची त्याची तऱ्हाही नेहमीच्या काचांहून वेगळी. योग्य जोडीदार काच मिळाली की हिरवाही रांगेत येतो. एर्न्स्ट अ‍ॅबेने १८८० च्या दशकात सूक्ष्मदर्शकात हे साधलं. आजच्या अ‍ॅपोक्रोमॅट, म्हणजे हिरवाही जुळवलेल्या, दुर्बिणींत कृत्रिम फ्लोराइट किंवा एफपीएल-५३ सारखी ईडी (रंग फार कमी फाकवणारी) काच असते. साडेसातीसाठी स्फटिकावर पैसे घालवायचेच असतील, तर बोटातल्या नीलमापेक्षा नळीच्या तोंडाशी बसवलेला फ्लोराइट बरा. शनीचा प्रकाश निदान त्यातून जातो तरी.

माझं मत विचाराल तर १०० मिलिमीटर, ईडी, एफ/७ ते एफ/९. पैसे कमी असतील तर ८० चा अ‍ॅक्रोमॅट, पण एफ/११ च्या खाली नको. दीर्घिका आणि तेजोमेघच बघायचे असतील तर भिंगाचा नाद सोडा. ८ इंची आरशाची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची दुर्बीण, ४ इंची भिंगाच्या चौपट प्रकाश गोळा करते. भिंगाची खरी मजा चंद्र, ग्रह आणि जोडताऱ्यांत.

आपल्या अक्षांशाचाही विचार करा. पुणे १८.५ अंशांवर असल्याने विषुववृत्तीय माउंटचा, म्हणजे ताऱ्यांमागे फिरणाऱ्या बैठकीचा, ध्रुवताऱ्याकडे रोखलेला अक्ष जवळजवळ आडवा होतो आणि काही माउंटांचा वजनाचा दांडा तिपाईच्या पायाला थडकतो. विकत घेण्याआधी हे विचाराच. शिवाय ग्रह इथे डोक्यावर येतात. जानेवारी २०२६ मध्ये मिथुनेतला गुरू पुण्यातून मध्यरात्री जवळजवळ खस्वस्तिकावर होता. तेव्हा नळी उभी राहते आणि नेत्रिका गुडघ्याशी येते, म्हणून बैठकीखालचा खांब उंच घ्यावा लागतो. तो स्लॅबच्या मधोमध नको, खालच्या कॉलमवर यावा. नाहीतर गच्चीवर कुणी चाललं तरी गुरू नाचतो.

पावसाळ्यात नळी वेधशाळेत न ठेवता घरात, सिलिका जेलसकट बंद पेटीत ठेवावी, कारण दमटपणात भिंगावर बुरशी धरते. ती धरलीच, तर वस्तुभिंग स्वतः उघडू नका. दोन भिंगांमधलं अंतर आणि त्यांची एकमेकांशी जुळवलेली दिशा हलली, की वरचं सगळं गणित बिघडतं.